कडीची उंची

१

सकाळी सेटचं कुलूप काढलं, तर कडी पुन्हा वर गेलेली.

आदल्या संध्याकाळी ती दारावर माणसाच्या छातीपाशी होती. सुतारकाकांनी स्वतःच्या हाताने बसवलेली. आता ती वीतभर नाही, चांगली हातभर वर चढून बसली होती, तीही कोयंड्यासकट. खाली जुन्या स्क्रूंची भोकं उघडी पडली होती. आणि दाराशी एक बुटका लाकडी खोका होता. चित्रपटातली लहान मुलगी कॅमेऱ्यात जरा उंच दिसावी म्हणून तिला ज्यावर उभं करायचे, तोच. तो एरवी कोपऱ्यात पालथा पडलेला असे.

हे तिसऱ्यांदा होत होतं. शेडचं कुलूप शाबूत होतं. किल्ली रखवालदाराच्या कमरेला होती आणि हा रखवालदार सख्ख्या बायकोलाही ओळखपत्र विचारणारा. दिवे लावणाऱ्या मंडळींची पाचावर धारण बसली होती, आत पाऊल टाकायला कोणी तयार नव्हतं. लहान मुलीची आई तर मुलीला घेऊन बाहेर गाडीतच बसून राहिली होती. काम ठप्प झालं की निर्माते विमा कंपनीला फोन करतात, आणि विमा कंपनी मला पाठवते.

माझं काम शंका घेण्याचं. ते मी लग्नाआधीपासून फुकट करत आले, आता त्याचा पगार मिळतो एवढंच. सेटवर पोचून चहाचा कप हातात पडेपर्यंत माझं नाव 'विमाबाई' ठरून गेलं होतं. मला त्याचं काही वाटत नाही. याहून वाईट नावं मी ऐकून घेतली आहेत.

चित्रपट कशावर आहे ते मला दिग्दर्शिकेनेच सांगितलं. तिला सगळे ताई म्हणत, मग मीही म्हणू लागले. गोष्ट तिचीच होती. ती नऊ वर्षांची, धाकटी बहीण पाच वर्षांची. एका दुपारी दोघी भांडल्या. मोठीने रागाच्या भरात धाकटीला खोलीत कोंडलं, बाहेरून कडी घातली आणि खेळायला निघून गेली. कुठेतरी वायर जळाली, घरात धूर भरला, आणि ती कडी काढायला जवळ कोणी नव्हतं. त्यानंतर आईने मोठीला माफ केलं. जन्मभर त्या माफीच्या सावलीत वाढलेल्या मोठीने आता हा चित्रपट लिहिला होता, तीच तो करत होती आणि जुन्या घरात परत येणाऱ्या बाईचं कामही तीच करत होती. एक शेवटचा प्रसंग राहिला होता. लहान मुलगी हात उचलते आणि कडी घालते. तो उद्या घ्यायचा होता.

"कोणावर संशय?" मी विचारलं.

ताईचे डोळे कितीतरी दिवस न झोपलेल्या माणसाचे होते. ती दाराकडे बघत म्हणाली, "संशय कशाला? मला माहितीये कोण आहे ते. धाकटीच आहे. तिला पुन्हा आत कोंडून घ्यायचं नाहीये."

हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, चहात साखर किती ते सांगावं तसं.

२

भुतंखेतं विम्यात बसत नाहीत, त्यामुळे मी हाडामांसाच्या माणसांपासून सुरुवात केली. सगळ्यांचं पहिलं बोट सुतारकाकांकडे होतं. हत्यारं त्यांची, दार त्यांचं, तर करणी पण त्यांचीच, असा हिशोब.

काका ताडमाड उंच होते. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत ते दारापाशी गेले आणि कडीवर सहज हात ठेवून उभे राहिले. टाचा जमिनीलाच होत्या.

"मला खोका कशाला लागेल हो विमाबाई?"

"लोकांना घाबरवायला."

"लोक तर माझी मजुरी ऐकूनच घाबरतात." ते हसले, मग गंभीर झाले. "हे बघा. मी बसवतो ते स्क्रू हे असे, डोक्यावर फुलीची खाच असलेले. मशीन लावलं की घुर्र करून आत. आणि हे बघा वरचे."

मी खोक्यावर चढून पाहिलं. वरचे स्क्रू जुन्या पद्धतीचे होते, एकाच सरळ खाचेचे. चारही खाचा उभ्या, एकमेकींना समांतर. हाताने पिळलेला स्क्रू जिथे घट्ट होईल तिथे थांबतो, खाच कुठल्याही दिशेला जाते. इथे कोणीतरी मुद्दाम शेवटचा वेढा मोजून दिला होता.

"ही नवशिक्याची कामं नव्हेत," काका म्हणाले. "ज्याने आयुष्यभर स्क्रू पिळलेत त्याची सवय आहे ही."

मी त्यांना विचारलं की खोलीची मापं त्यांना कोणी दिली. मूळ घर तर जळून गेलेलं.

"ताईंनी. पण मी कोणाला फूट-इंच विचारत नाही. माणसाला आपलं घर फुटांत आठवत नाही, अंगावर आठवतं. मी म्हणतो, अंगावर दाखवा. मग ताई जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, टेबल माझ्या हनुवटीला लागायचं. खिडकी बघायला मान अशी मागे टाकावी लागायची. फळीवरचा डबा दिसायचाच नाही, नुसता वाजायचा. नऊ वर्षांच्या पोरीच्या अंगावरून मी सगळं हिशोबाने बांधलं."

"आणि कडी?"

काका थांबले. "कडी विचारली तेव्हा मात्र त्या उठून उभ्या राहिल्या. स्वतःच्या छातीला हात लावला आणि म्हणाल्या, इथे."

मला तेव्हा ते खटकलं, पण का खटकलं हे कळलं नाही. दात कोरताना एखादा कण जिभेला लागतो पण सापडत नाही, तसं झालं. तेवढ्यात बाहेर आरडाओरडा ऐकू आला. ताईचा नवरा रखवालदाराची गचांडी धरून उभा होता.

३

ताईचा नवरा म्हणजे या चित्रपटाचा निर्माता. सगळे त्याला साहेब म्हणत. सहा फुटांचा, देखणा, आणि त्या क्षणी लालबुंद झालेला. रखवालदाराला सोडवून मी साहेबांना त्यांच्याच खोलीत नेऊन बसवलं.

"चित्रपट बंद पडला तर तुमचं काय होईल?" मी विचारलं.

"सुटका होईल," ते म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून घाईने म्हणाले, "पैशाचं नाही म्हणत मी. तिचं. ती झोपत नाही, जेवत नाही. जगापुढे उभी राहून सांगणार आहे, मी माझ्या बहिणीला मारलं. एकदा पडद्यावर गेलं की ते पुसता येतं का? रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस तिला तेवढ्यावरूनच ओळखेल. मी हात जोडले, तो सीन काढून टाक. तर म्हणते, तोच सीन करायला मी बाकीचा चित्रपट केला."

"म्हणून तुम्ही कडी वर नेलीत?"

"नेली असती हो," ते हताशपणे म्हणाले, "सुचलं असतं तर! पण मला घरातला बल्ब बदलता येत नाही. विचारा तिला."

या बाबतीत नवरे खोटं बोलत नाहीत. मी त्यांना बाजूला ठेवलं, पण पुसून नाही टाकलं.

पुढचा संशय नटीवर होता. ती चित्रपटात आईचं काम करत होती. शेवटचा प्रसंग तिला पसंत नव्हता आणि त्यावरून तिचं आणि ताईचं कडाक्याचं वाजलं होतं. ती आरशासमोर बसून केसांत पांढरा रंग लावून घेत होती.

"हो, भांडले मी," ती आरशातूनच म्हणाली. "कडी घातली जाते, पोर जाते, आणि आई लगेच मोठीला जवळ घेऊन म्हणते, माफ केलं. अहो, कुठली आई करेल असं? आधी फोडून काढेल, मग रडेल, मग वर्षभराने जवळ घेईल. मला ते वाक्य घशातून उतरत नाही. शेवटी मी सरळ आजींनाच विचारलं."

"कुठल्या आजी?"

"ताईंच्या आई. रोज येतात की सेटवर. कोपऱ्यात वेताच्या खुर्चीत बसलेल्या असतात. मी विचारलं, तुम्हाला त्या वेळी काय वाटलं हो? त्या काठीच्या मुठीवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, श्वास आला."

"म्हणजे काय?"

"मला काय माहीत! मी तोच विचार करतेय. पोर गेल्यावर कुणाला श्वास येतो?"

मी आजींना भेटायला गेले. सकाळपासून मी त्यांच्या खुर्चीला चारदा वळसा घालून गेले होते, पण त्या मला दिसल्या नव्हत्या. अंगाने पार मिटून गेलेल्या, पाठीत वाकलेल्या. हात मात्र टणक होते. एके काळी त्यांचं शिलाई मशीन दुरुस्त करण्याचं दुकान होतं, हे त्यांच्याबद्दल सांगितल्या जाणाऱ्या कौतुकातलं एक. बाकी सगळं कौतुक त्या माफीचं. सेटवरचे लोक जाता-येता त्यांच्या पाया पडत. त्यांच्या हातातली काठी मुठीपाशी चिरलेली होती आणि तिथे चार बारीक स्क्रू लावून पितळी पट्टी बसवली होती.

"आजी, तुम्हाला काय वाटतं, कोण करतंय हे?"

त्या दाराकडे बघत राहिल्या. "कोणी का करेना," त्या म्हणाल्या, "पण आता तिने ती कडी खाली आणू नये."

त्यापुढे त्यांनी तोंड उघडलं नाही. मी वळले, तर आवाज टिपणारा माणूस पांढराफटक पडून माझी वाट बघत उभा होता.

४

"मी कोणाला सांगितलं नाहीये," तो म्हणाला. "उद्या सगळे पळून जातील. तुम्ही ऐका."

त्याने माझ्या कानाला हेडफोन लावले. मग आपलं काम समजावून सांगितलं. प्रत्येक खोलीची स्वतःची एक शांतता असते. ती नंतर संवादांच्या मधल्या फटी भरायला लागते. म्हणून रोज पॅकअप झाला की हा बाबा सगळ्यांना शेडबाहेर काढतो, यंत्र चालू करून आत ठेवतो, दार ओढून घेतो आणि बाहेर चहा पितो. यंत्र रिकाम्या खोलीची शांतता भरून घेतं. मग तो यंत्र उचलतो, सामान गाडीत भरतो, ताई मेकअप उतरवून येतात, आणि शेवटी रखवालदार कुलूप घालतो.

कालची शांतता मी ऐकू लागले. आधी काहीच नव्हतं. मग लाकडावर काहीतरी घासत सरकवल्याचा आवाज आला. मग ठक्. मग बराच वेळ, कर्र... कर्र... कर्र. मध्ये धाप लागल्यासारखा श्वास. मग कडी सरकल्याचा खण्कन आवाज.

आणि त्यानंतर, अगदी दाराला तोंड लावून कोणीतरी म्हणावं तसं, "शूऽऽ... शूऽऽ..."

मी हेडफोन काढले. मी घाबरट नाही, पण तेव्हा मला माझी पाठ भिंतीला टेकलेली हवी होती.

"सगळ्यांना बाहेर काढतोस ना नक्की?"

"सगळ्यांना. नावं घेऊन घेऊन."

मागे ताई कधी येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलं नव्हतं. तिने माझ्या हातातले हेडफोन घेऊन कानाला लावले. ऐकता ऐकता ती खाली बसली. "हा तिचा आवाज आहे," ती म्हणाली. "दार लागलं की हे यायचं. मला आठवतंय. मी हे विसरले होते."

तिला सावरायला नवरा धावला. मी मात्र यंत्राकडे बघत बसले होते, कारण भीती ओसरल्यावर माझ्या डोक्यात दोन गोष्टी जागच्या जागी बसल्या होत्या. एक, कुलुपाची चिंता करण्याचं कारणच नव्हतं. कडी कुलूप लागल्यावर नव्हे, लागण्याआधी वर गेली होती. आणि दुसरी गोष्ट म्हणजे, पोर कधी शूऽऽ म्हणत नाही. पोराला शूऽऽ म्हणतात.

५

मी सुतारकाकांचीच पद्धत उचलली. अंगावर माप घ्यायचं.

एकेकाला दारापाशी बोलावलं आणि सांगितलं, "फार विचार करू नका. दार ओढा, वर कडी आहे असं समजा आणि हात उचला." कडीवर मी कागद चिकटवून ती झाकली होती. काकांचा हात कागदाच्या बराच वर गेला. साहेबांचा त्याहून वर. नटीचा चार बोटं खाली. आवाजवाल्याचा तर कानापाशीच थांबला.

"आता मी," ताई म्हणाली.

"तुझी गरज नाही."

"सगळ्यांची झाली ना?" तिने दार ओढलं, हात उचलला, आणि तिचा तळवा कागदावर नेमका जाऊन बसला. एक बोट इकडे नाही की तिकडे नाही.

ताईने हात खाली घेतलाच नाही. ती स्वतःच्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसं बघत होती.

"मीच करतेय का हे?" ती पुटपुटली. "मला आठवत नाही आणि मीच करतेय?"

साहेबांचा चेहरा बघवत नव्हता. त्यांना जी भीती मनात दडपून ठेवायची होती तीच तिच्या तोंडून बाहेर पडली होती. मेकअपवाली बाई मागून हळूच म्हणाली, "पण काल तर ताई माझ्यासमोर बसल्या होत्या, चेहरा पुसून देत होते मी." तिचं कोणी ऐकलं नाही.

मी ऐकलं. आणि कोपऱ्यातल्या खोक्याकडे पाहिलं. ताईचा हात जमिनीवरून पुरत होता, तिला खोका लागणार नव्हता. ज्याला खोका लागला तो माणूस ठेंगणा होता. मग ठेंगण्या माणसाने कडी आपल्या हाताला पुरेल अशी खाली का नाही लावली? धापा टाकत, खोक्यावर चढून, इतक्या वर का?

कारण त्या हाताला तीच उंची ठाऊक होती. तो माणूस एके काळी ताईएवढा उंच होता.

"जेवायला जा सगळे," मी म्हणाले. "ताई, तू थांब."

जाता जाता मी आवाजवाल्याला थांबवलं आणि कानात एकच प्रश्न विचारला. "रोज सगळ्यांना बाहेर काढतोस, तेव्हा आजींना?"

"आजींना कशाला उठवायचं?" तो म्हणाला. "त्या कुठे आवाज करतात!"

६

शेड रिकामी झाली. वेताच्या खुर्चीत आजी, त्यांच्यासमोर ताई, आणि मध्ये मी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते मी दिवसभर केलं होतं. त्या माफ करणाऱ्या आई होत्या, म्हणून त्यांच्याकडे संशयाने बघायला आमच्यापैकी कोणाचीही मान वळली नव्हती. माझीसुद्धा.

"आजी, काठी बघू जरा."

त्यांनी काठी दिली. पितळी पट्टीवरच्या चारही स्क्रूंच्या खाचा उभ्या, एका रेषेत होत्या. मी काठी ताईच्या हातात दिली. तिने ती पाहिली, मग दाराकडे पाहिलं.

"आई?"

मी बोलत राहिले, कारण शांतता मलाच सोसत नव्हती. "ताई, तू सगळी खोली बसून सांगितलीस. टेबल हनुवटीला, खिडकी डोक्यावर. जे जे तू पाहिलं होतंस ते नऊ वर्षांच्या अंगावरून सांगितलंस. एक कडीच तेवढी तू उभी राहून, आजच्या छातीवर दाखवलीस. ती तुझ्या आठवणीत नव्हतीच गं. ती तुला सांगण्यात आली होती. जी कडी हाताने घातलीच नाही ती अंगावर आठवत नाही, म्हणून तू ती आपल्या सोयीने कुठेतरी लावलीस. खरी कडी इथे, या उंचीवर होती. नऊ वर्षांच्या मुलीचा हात तिथे पोचत नाही. तुझ्या अंगाच्या बाईचा पोचतो. तू आईवर गेली आहेस असं सगळे म्हणतात ना?"

आजी काठीशिवाय हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मला वाटलं त्या नाकारतील. मनातून मला ते हवंही होतं.

"दुकानात जायचं होतं," आजी म्हणाल्या. "एक मशीन द्यायचं होतं, एवढंच. धाकटी जिन्यावर धावायची. म्हणून मी रोजच कडी घालून जायचे. शूऽऽ म्हणायचे, आलेच म्हणायचे. ती थोडा वेळ रडून झोपायची."

"मी घातली होती," ताई म्हणाली. "भांडण झालं, मी रागाने—"

"तू दार ओढून घेतलंस. नुसतं ओढलंस आणि पळालीस. कडी मी घातली, मागाहून." त्यांचा आवाज अजिबात हलत नव्हता, ते ऐकायला फार भयंकर होतं. "तुझ्या बाबांनी अंगणात उभं राहून विचारलं, कडी कोणी घातली? माझी जीभ टाळ्याला चिकटली. आणि दार लावल्याच्या भीतीने तू म्हणालीस, मी. तू म्हणालीस आणि मला श्वास आला."

ताईने तोंडावर हात धरला.

"सांगणार होते. दोन दिवसांनी, मग महिन्याने. मग एकदा तू माझ्या पायांना मिठी मारून रडलीस. मला ते बघवेना. मी म्हटलं, जा, माफ केलं. एकदा म्हटल्यावर ते परत कसं घ्यायचं? आणि मग लोक मला हात जोडायला लागले."

"मग आता का?" हे मी विचारलं. ताईचा हात अजून तोंडावरच होता.

"तिने ते दार बांधलं. उद्या एक लहान मुलगी तिथे उभी राहून कडी घालणार, आणि ती म्हणजे माझी मोठी असणार. सांगायला तोंड उघडायचे, पण जीभ उचलत नव्हती. हात उचलला." त्या दाराकडे बघत होत्या. "मला वाटलं, तिच्या लक्षात येईल. पोरीला उभं करून बघेल, हात पुरत नाही म्हणेल, आणि तिचं तिलाच कळेल. तर हे सगळे भूत भूत करत कडी खाली आणायचे."

तोंडावरचा हात काढून ताई म्हणाली, "आई, कडी इतक्या वर का होती?"

पहिल्यांदाच आजींचा चेहरा फाटल्यासारखा झाला. "आधी खाली होती. धाकटी आतून हाक मारायची, ताई, दार काढ. आणि तू काढायचीस. कितीदा सांगितलं तरी काढायचीस. म्हणून मी ती वर नेली. तुझा हात पुरू नये म्हणून."

मी तिथून उठले. माझं काम संपलं होतं आणि पुढचं ऐकायला मी कोणाची कोणी नव्हते. पण शेडच्या दाराशी पोचेपर्यंत ताईचा आवाज मला ऐकू आला. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मी काढायचे. मी दार काढायचे."

७

दुसऱ्या दिवशी मला सेटवर जायचं कारण नव्हतं. कंपनीला मी फोनवर सांगून मोकळी झाले होते की काम सुरू झालंय, नुकसान काही नाही. तरी गेले. आयुष्यात फार कमी वेळा मला एखाद्या गोष्टीचा शेवट बघावासा वाटला आहे.

लहान मुलीला ताईने सुट्टी देऊन टाकली होती. सुतारकाकांना सांगितलं होतं, कडीला हात लावायचा नाही, वर आहे तिथेच राहील. नटी तयार होऊन आली, तर ताई तिला म्हणाली, "हे मीच करते. तुझा हात चार बोटं खाली जातो. आईच्या उंचीची मीच आहे."

साहेब माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी हळूच सांगितलं की घरी रात्रभर दिवे चालू होते, पण रडण्याचा आवाज नव्हता. पहाटे आजी म्हणाल्या होत्या, मला माफ कर. त्यावर ताई म्हणाली होती, "तू मला रोज माफ करत होतीस, आई. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला, प्रत्येक परीक्षेला. मला एकदा करायचंय तर मला वेळ लागेल. किती, ते मला माहीत नाही." आणि तरी सकाळी सेटवर येताना तिने आईला सोबत आणलं होतं. खुर्ची नेहमीच्याच कोपऱ्यात होती. आज पाया पडायला कोणी गेलं नाही. बातमी कोणी सांगितली नव्हती, पण सेट म्हणजे सेट, तिथे भिंतींनाही तोंड असतं.

कॅमेरा सुरू झाला. ताई मधल्या वाटेवरून घाईघाईने आली, एका हाताने काहीतरी जड धरल्यासारखी, दुकानात जायला निघालेली बाई. तिने दार नीट ओढून पाहिलं. मग दुसरा हात वर गेला, डोळ्यांनी न बघता, आणि कडी सरकली. ती दाराजवळ तोंड नेऊन म्हणाली, "शूऽऽ. आलेच हं." आणि निघून गेली. कॅमेरा बंद दारावरच राहिला. त्या दारात काही वाईट दिसत नव्हतं. रोजचं काम उरकून निघालेल्या आईचं दार होतं ते, आणि मला त्याच्याकडे बघवेना.

आजी मात्र बघत होत्या. त्यांनी पापणीही हलवली नाही.

"कट," ताईनेच म्हटलं.

मग आवाजवाला पुढे आला आणि नेहमीप्रमाणे ओरडला, "चला, सगळे बाहेर! शांतता घ्यायचीये!" दिवेवाले गेले, नटी गेली, साहेब गेले. मी पर्स उचलली. आवाजवाल्याने एकदा आजूबाजूला पाहिलं, मग तो चालत कोपऱ्यापर्यंत गेला आणि खुर्चीसमोर उभा राहिला.

"आजी," तो म्हणाला, "तुम्हीसुद्धा."

आजींनी मान हलवली. काठी टेकत त्या उठल्या आणि वाकून, एकेक पाऊल टाकत सगळ्यांच्या मागून उजेडात गेल्या. त्यांना हात द्यायला कोणी पुढे झालं नाही. त्यांनीही मागितला नाही.

ताई सगळ्यात शेवटी निघाली होती. शेडच्या दारापर्यंत येऊन ती थांबली आणि मागे वळली.

"ताई, यंत्र लावलंय," आवाजवाला कुजबुजला.

"चालू राहू दे. हे पण येऊ दे त्यात."

ती सेटवरच्या त्या कडीच्या दारापाशी गेली. हात वर केला आणि कडी काढली. दार तिने भिंतीपर्यंत पूर्ण उघडलं आणि उंबऱ्याबाहेर क्षणभर तशीच थांबली, कोणाला तरी आधी बाहेर येऊ द्यावं तशी. मग शेडबाहेर आली. आई उन्हात काठीवर टेकून उभी होती. ताई तिच्याजवळ गेली नाही, पण गाडीचं दार तिने उघडून धरलं.